फॅमिली डॉक्टर कुठे शिकतो? सुरत ते डांग

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी एक ‘आपले डॉक्टर’ असतील. नाक्यावरचा छोटा दवाखाना, बाहेर बाकडं, आत पडदा आणि खिडकीत पुड्या बांधणारा कंपाउंडर. आजीचं बीपी, बाबांची शुगर, बारावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी उपटणारी तुमची पोटदुखी, सगळं त्यांना पाठ असतं. त्यांना आपण फॅमिली डॉक्टर म्हणतो, आणि असं धरून चालतो की एमबीबीएस झालं की माणूस आपोआप फॅमिली डॉक्टर होतो. जो पुढे शिकत नाही तो फॅमिली डॉक्टर, असंही म्हणतात लोक. आमच्या घरी तर म्हणतातच!

मला या समजुतीबद्दलच लिहायचं आहे. मी आपल्याच कॉलेजात अकरावी-बारावी केली, तेव्हा वाङ्मय मंडळाची सभासद होते. पुढे ऑल इंडिया कोट्यातून एमबीबीएसची सीट मिळाली ती सुरतेला. इंटर्नशिप संपल्यावर बाँडची नोकरी आली ती डांग जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. संपादक म्हणाले, ‘तू नक्की काय करतेस ते आम्हाला समजेल असं लिही.’ म्हणून हा लेख.

आधी नकाशा

सुरत म्हटलं की आपल्याला हिरे, साड्या आणि शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. पण सुरत हे खानदेशाचंही मोठं शहर आहे. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत फिरलात तर धुळे-जळगाव-नंदुरबारची माणसं गल्लोगल्ली भेटतील. कुणी लूमवर, कुणी डाइंग मिलमध्ये. सुरतेहून आग्नेयेला साधारण दीडशे किलोमीटर गेलं की सह्याद्रीचं उत्तरेकडचं टोक लागतं. तो डांग. जिल्ह्याचं ठिकाण आहवा. सापुतारा तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिलं असेल. पलीकडे उतरलं की नाशिक जिल्हा.

२०११च्या जनगणनेत डांगची लोकसंख्या २,२८,२९१ होती, म्हणजे गुजरातेतला सगळ्यात कमी वस्तीचा जिल्हा. दहातले नऊ जण आदिवासी : कोकणा, भिल्ल, वारली, गामित. १९६० साली राज्यं वेगळी झाली तेव्हा डांग गुजरातेत गेला, पण बोली काही सीमेला विचारून थांबली नाही. डांगी बोलीत मराठी आणि गुजराती अशा मिसळलेल्या असतात की पहिल्या आठवड्यात मला सगळं निम्मं निम्मं कळायचं.

सरकारी नियमात सपाट प्रदेशात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं, डोंगरी आणि आदिवासी भागात २०,००० मागे एक. आकडा कमी का? कारण वस्ती पांगलेली. नकाशावर चार किलोमीटर दिसणारा पाडा पायवाटेनं दोन तासांवर असतो, आणि पावसाळ्यात कॉजवेवरून पाणी गेलं की तो पाडा त्या दिवसापुरता बेटच होतो.

आणि डोंगर नुसता डोंगरात राहत नाही. दिवाळीनंतर डांग, नंदुरबार, धुळ्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं कोयता घेऊन बारडोली-सुरत पट्ट्यात ऊसतोडीला उतरतात. पावसाच्या आधी परत जातात. त्यामुळे सुरतेच्या मोठ्या हॉस्पिटलात शिकतानाही डोंगरातले पेशंट भेटत होतेच. फक्त ते डोंगरातून आलेत हे तिथे ध्यानात येत नसे. केसपेपरवर पत्ता असायचा पडावाचा.

कागदावरची शिडी

आता शिक्षण कसं असतं ते सांगते. साडेचार वर्षं एमबीबीएस, मग एक वर्ष इंटर्नशिप. शिकवतात कोण, तर स्पेशालिस्ट. हृदयाचा हृदय शिकवतो, हाडांचा हाडं. पेशंट आपल्यासमोर येतो तेव्हा तो आधीच गाळून आलेला असतो : कुणीतरी ठरवलेलं असतं की हा सर्जरीचा, ही गायनॅकची. ‘हे नक्की कुणाचं?’ हा पहिला प्रश्न विद्यार्थ्याच्या वाट्याला क्वचितच येतो. फॅमिली डॉक्टरच्या वाट्याला मात्र दिवसभर तोच येतो.

ही उणीव नवी नाही. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीनं १९४६च्या अहवालात म्हटलं होतं की डॉक्टरला समाजात नेऊन शिकवा, त्याला ‘सामाजिक डॉक्टर’ करा. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानंही फॅमिली मेडिसिनचे अभ्यासक्रम वाढवायला सांगितलं. आमच्यानंतरच्या बॅचेसना पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यावी लागतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणं सक्तीचं झालंय.

आणि हो, फॅमिली मेडिसिन ही स्वतंत्र शाखा आहे! एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं डीएनबी करता येतं. काही ठिकाणी एमडीसुद्धा आहे, जागा थोड्या. त्यात मेडिसिन, बालरोग, प्रसूती, सर्जरी, मनोविकार अशा सगळ्या विभागांत फिरून काम करायचं असतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं २००६ पासून नोकरीत असलेल्या डॉक्टरांसाठी दूरशिक्षणाचा दोन वर्षांचा डिप्लोमा सुरू केला. त्याचं ब्रीद मराठीत सांगायचं तर ‘कमी पाठवा, जास्त सोडवा’. म्हणजे पेशंटला पुढे ढकलण्याआधी आपल्या हातात काय आहे ते नीट शिका.

मग डोंगरात वेगळं काय शिकायचं? माझ्या पाहण्यातल्या तीन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट : शब्द

मंडळाच्या अंकात हे लिहायला मला सगळ्यात आवडतंय. आजार आधी शब्दात येतो, मग रिपोर्टात. मुंबईचा पेशंट म्हणतो, ‘कसंतरी होतंय.’ करा भाषांतर! सुरतेला गेल्यावर ‘गभरामण’ हा शब्द भेटला. त्यात धाप, मळमळ, छातीतली धडधड आणि भीती सगळं बसतं, आणि त्यातलं नेमकं काय ते विचारूनच काढावं लागतं. गुजरातीत ‘ताव’ म्हणजे ताप. आपल्याकडे ताव मारतात किंवा कागदाचा असतो. गुजराती ‘कळतर’ म्हणजे अंग मोडून येणं. आपली ‘कळ’ मात्र एका जागी, अचानक येते.

इंटर्नशिपमध्ये साक्री तालुक्यातली एक एकोणीस वर्षांची मुलगी आली होती. घरचे ऊसतोडीला आलेले. तिच्याकडे वेगवेगळ्या दवाखान्यांचे जुने कागद होते आणि बहुतेकांवर एकच निदान : अंगदुखी, अशक्तपणा. तिची आई अहिराणीत म्हणाली, ‘हाडं फुटी ऱ्हायनात.’ मराठी असल्यामुळे वॉर्डात मी दुभाषी झाले होते, म्हणून ते माझ्या कानावर पडलं. अंगदुखी आणि हाडं फुटणं यांत फरक आहे. मग विचारलं, कधी होतं? थंडीत, पाणी कमी प्यायलं की, खूप राबलं की. लहानपणी कावीळ झाली होती का? डोळे अधूनमधून पिवळे होत. भाऊ? एक लहानपणी गेला.

तपासणीत सिकलसेल निघाला. या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि पुढचा भाग रक्तावाचून तळमळतो. दक्षिण गुजरात आणि खानदेशच्या आदिवासी समाजात तो बराच आढळतो. गुजरात सरकारनं २००६ पासून त्यासाठी कार्यक्रम चालवलाय आणि १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीमही आहे, २०४७ पर्यंत हा आजार हटवायचं ध्येय ठेवून. आईबाप दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः ठणठणीत पण दोष अंगात असलेले, तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या गोळीनं दुखण्याचे झटके कमी होतात. गोळी स्वस्त आहे. महाग पडतं ते निदानापर्यंत पोचणं.

त्या मुलीच्या कागदांवर लिहिणाऱ्यांपैकी कुणी अडाणी नव्हतं. तिच्या आईचं वाक्य कुणाच्या कानापर्यंत आलं नव्हतं, एवढंच.

दुसरी गोष्ट : तेच लक्षण, वेगळा अर्थ

पहाटे पाच वाजता पोटात दुखतंय म्हणून कुणी आलं तर शहरात आपण काय विचारतो? रात्री काय खाल्लं? ॲसिडिटी आहे का? डांगात जूनपासून पहिला प्रश्न वेगळा असतो : ‘रात्री कुठे झोपला होता? खाटेवर की जमिनीवर?’

कारण मण्यार. हा साप रात्री घरात शिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि बहुतेक वेळा चावल्याचं कळतसुद्धा नाही. ना सूज, ना धड खूण. काही तासांनी पोटात दुखायला लागतं, मग पापण्या जड होतात, गिळता येईनासं होतं, शेवटी श्वास थांबतो. म्हणून अशा पेशंटला मी आधी छताकडे बघायला सांगते. पापण्या वर राहत नसतील तर पोटाच्या गोळीचं कामच नाही.

घोणस आणि फुरसं यांचं विष रक्त गोठू देत नाही. त्यासाठी एक चाचणी आहे, तिला ना वीज लागते ना मशीन. दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं आणि वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं, तर विष भिनलंय, प्रतिविष सुरू करायचं. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. मण्यारीत मात्र रक्त नेहमीसारखं गोठतं, म्हणून तिथे या नळीवर विसंबायचं नाही, पापण्यांवर विसंबायचं.

(तुम्ही ट्रेकला जाता म्हणून सांगते : साप चावला तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. हात-पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा आणि थेट दवाखाना गाठा.)

गेल्या पावसाळ्यात एका शेतकऱ्याला उचलून आणलं. रात्री चावलं होतं, आधी भगताकडे नेलं, मग कॉजवेवर पाणी. आमच्या दारात पोचला तेव्हा श्वास नव्हता. आम्ही अर्धा तास प्रयत्न केले. त्याची बायको काहीच बोलली नाही, फक्त त्याची चप्पल हातात धरून उभी होती.

भगतावर चिडणं सोपं होतं. आमच्या आशाबेन म्हणाल्या, ‘बेन, लोक त्याच्याकडे जायचे थांबणार नाहीत. तुम्हीच जा.’ मग आम्ही दोघी त्याच्या अंगणात जाऊन बसलो. नागलीची भाकरी खाल्ली. काचेची नळी दाखवली. तो म्हणाला, ‘मी मंत्र म्हणणार. पण गाडी आधी बोलावतो.’ त्यानंतर त्यानं दोघांना वेळेवर पाठवलं. एकाला दहा व्हायल प्रतिविष दिलं आणि १०८ नं आहव्याला पाठवलं. तो आता शेतावर जातो. हे सर्पदंशाच्या धड्यात मला कुणी शिकवलं नव्हतं, आशाबेननी शिकवलं.

तिसरी गोष्ट : पाठवायचं की ठेवायचं

‘सुरतेला न्या’ हे केसपेपरवर लिहायला पाच सेकंद लागतात. ज्याला लिहिलं त्याचं काय होतं? दोन माणसांची मजुरी बुडते. गुरं कुणाकडे ठेवायची? शहरात रात्री झोपायचं कुठे, खायचं काय, खिडकीवर कोणत्या भाषेत बोलायचं? बरेच जण ‘हो बेन’ म्हणतात आणि घरी जातात. मग आपण म्हणतो, पेशंट ऐकत नाहीत.

आठव्या महिन्यातल्या एका बाईचं बीपी १५०/१०० होतं, लघवीत प्रथिनं होती. हिला ठेवणं धोक्याचं. ती मात्र मान हलवून नाही म्हणे. कारण सांगेना. आशाबेनना कारण माहीत होतं : नवरा कोयत्यावर, घरात तीन वर्षांचा मुलगा आणि धड न दिसणारी सासू. शेजारणीनं पोराला ठेवून घ्यायचं, आशाबेनच्या दिरानं शेळ्या बघायच्या, असं ठरलं तेव्हा ती गाडीत बसली. आहव्याला सुखरूप बाळंत झाली. माझं योगदान काय, तर बीपी मोजलं आणि चिठ्ठी लिहिली. बाकीचा उपचार पाड्यानं केला.

‘फॅमिली’ या शब्दाचा मला लागलेला अर्थ हा. पेशंटच्या मागे कोण आहे हे माहीत असलं तरच उपचार पुरा होतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी हेच वेगळ्या वाटेनं दाखवलं. गावातल्याच बायकांना शिकवून घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, तर बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. त्यांचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. आज देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जातात, ते त्यातूनच आलंय. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे या वेल्लोरच्याच कॉलेजात शिकलेल्या जोडप्यानं १९७० पासून गावातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं होतं. डॉक्टरनं गावाला शिकवायचं आणि गावानं डॉक्टरला.

लहान जागी मोठं ज्ञान

‘डोंगरात गेलीस की अभ्यास संपला,’ असं मला खूप जणांनी सांगितलं. त्यांना मी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव सांगते. १९७० च्या दशकात ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणात लाल विंचू चावून लोक मरत, लहान मुलं जास्त. बावस्कर पेशंटच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवत. त्यातून कळलं की विषामुळे हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरतं. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरून पाहिलं आणि मृत्यू झपाट्यानं कमी झाले. १९८६ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या शहरात बसून हा शोध लागणं अवघड होतं, कारण इतके पेशंट इतक्या लवकर तिथे पोचतच नसत.

मेळघाटातल्या बैरागडचे डॉ. रवींद्र कोल्हे आधी गावात गेले, काय येत नाही ते तिथे कळल्यावर परत येऊन एमडी केलं आणि पुन्हा बैरागडलाच गेले. शिक्षणाचा हा क्रम मला पटतो. आधी प्रश्न, मग पदवी.

आता घरचा वाद

माझी नीट-पीजीची रँक बरी आली आहे. बाबा म्हणतात रेडिओलॉजी घे, रात्री झोप तरी मिळेल. आई म्हणते, ‘लोक विचारतील, शिकून काय झालीस? काय सांगू, फॅमिली डॉक्टर?’ त्यांचं चुकत नाही. फी, कर्ज, लग्न, सगळे हिशेब खरे आहेत. फॅमिली मेडिसिनला मान कमी, पैसे कमी, हेही खरं. इथला एकटेपणाही खरा आहे : संध्याकाळी सहानंतर ज्याला काही विचारावं असा दुसरा डॉक्टर जवळ नसतो, आणि नेटवर्क असेल तरच फोन.

पण माझ्यानंतर इथे दुसरी बाँडची डॉक्टर येईल, ती पुन्हा ‘गभरामण’पासून सुरुवात करेल, आणि वर्षानं तीही जाईल. पाड्यावरच्या लोकांना दरवर्षी नवा डॉक्टर शिकवावा लागतो. त्यांच्या बाजूनं बघितलं तर हे किती दमवणारं आहे! म्हणून मी पहिल्या पसंतीला फॅमिली मेडिसिन टाकणार आहे. तीन वर्षांनी परत डोंगरात येण्याचा विचार आहे. बाबा अजून बोलत नाहीयेत. आईनं काल विचारलं, सापुताऱ्याला जाणारी बस आमच्या फाट्यावर थांबते का.

शेवटी मंडळाकडे एक मागणी. मी वहीत आजारांचे शब्द जमवते आहे : डांगी, अहिराणी, कोकणा, गुजराती, आणि त्यापुढे त्याचा वैद्यकीय अर्थ. दोनशेच्या आसपास झालेत. पुढच्या डॉक्टरला ही वही देऊन जायचं आहे. तुमच्यात मालवणी, वऱ्हाडी, आगरी, वाडवळी, सामवेदी बोलणारे असतील. घरी आजीला विचारा : बरं वाटत नसलं की ती नेमकं काय म्हणते, आणि त्या शब्दात काय काय येतं? तिचं वाक्य जसंच्या तसं, प्रमाण मराठीत न बदलता, मंडळाच्या ईमेलवर पाठवा. संपादक ते माझ्यापर्यंत पोचवतील.